मुदत गेली, देणे राहिले

कर्जाच्या व्यवहारातले शब्द एकापाठोपाठ एक लिहून पाहावेत. कर्ज, मुदत, तगादा, वसूल, जामीन, जप्ती, दावा, फिर्याद, वकील, हुकूमनामा. यांतले बहुतेक सारे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीचेच होऊन गेले. ‘सावकार’ आणि ‘व्याज’ हे संस्कृत वळणाचे, ‘लिलाव’ पोर्तुगीजांचा. नाशिकच्या न्यायालयाच्या आवारात आजही उभे राहिले तर खेड्यातून आलेल्या माणसाच्या तोंडून हेच शब्द ऐकू येतात. ते त्याला कोणी शिकवावे लागत नाहीत, कारण ते त्याच्या आजोबा-पणजोबांनी सोसलेले शब्द आहेत.

यांतला ‘मुदत’ हा शब्द आम्ही या लेखासाठी निवडला आहे. कर्ज किती दिवसांत फेडायचे ही एक मुदत. पण कायद्यात आणखी एक मुदत आहे. दिलेले पैसे परत मिळाले नाहीत तर किती वर्षांच्या आत न्यायालयात जायचे, याची ती मुदत. ती टळली की दावा ‘मुदतबाह्य’ होतो आणि न्यायालय तो ऐकत नाही. ही गोष्ट ऐकायला कोरडी वाटते. परंतु गेल्या दीडशे वर्षांत नाशिक-नगर भागातल्या शेतकऱ्याच्या, मालेगावच्या विणकराच्या आणि आपल्या घरातल्या बायाबापड्यांच्या नशिबावर या मुदतीचा फार मोठा परिणाम झाला आहे. तो बहुतेकांना ठाऊक नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

कायद्याचा हेतू आणि सावकाराचा हिशेब

प्रथम आजचा कायदा थोडक्यात सांगतो, म्हणजे मागचा इतिहास समजायला सोपा जाईल. आज देशभर १९६३ चा मुदतीचा कायदा लागू आहे. हातउसने दिलेले पैसे, वचनचिठ्ठी, दुकानाची उधारी यांचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. स्थावर मिळकत गहाण असेल तर त्या मिळकतीवरून रक्कम वसूल करण्याच्या दाव्याला बारा वर्षे. न्यायालयाने पैशाचा हुकूमनामा दिला असेल तर त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त करायला बारा वर्षे. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायाधीशाने स्वतःहून तो पाहावा आणि दावा काढून टाकावा, असे या कायद्याचे तिसरे कलम सांगते.

यामागचा विचार साधा आहे. वर्षे लोटली की साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात, माणसाच्या आठवणीही पुसट होतात. वीस वर्षांनी कोणी उठून दारात आला आणि म्हणाला, ‘तुझ्या बापाने माझे शंभर रुपये घेतले होते’, तर ते खरे की खोटे हे कोणी ठरवायचे? अशा जुन्या, शिळ्या दाव्यांपासून माणसाला संरक्षण मिळावे, यासाठी मुदत असते.

इंग्रजी अमलात १८५९ साली चौदाव्या क्रमांकाचा कायदा करून ब्रिटिश हिंदुस्थानासाठी अशी मुदत ठरवण्यात आली. त्यापूर्वी मुंबई इलाख्यात खतावरच्या कर्जाची मुदत पुष्कळ लांब होती. नव्या कायद्याने साध्या, नोंदणी न केलेल्या खताला तीन वर्षे आणि नोंदणी केलेल्या खताला सहा वर्षे असा हिशेब घातला. त्याच्या चार वर्षे आधी, १८५५ साली, व्याजाच्या दरावरची जुनी मर्यादा सरकारने उठवली होती. म्हणजे व्याज किती घ्यावे याला बंधन उरले नाही, आणि दावा कधी लावावा याला मात्र घट्ट बंधन आले. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि त्यातून जे घडले ते कायदा करणाऱ्यांच्या मनात नव्हते.

सावकाराने हिशेब केला. तीन वर्षे व्हायच्या आत कुळाला बोलावून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘एकतर पैसे टाक, नाहीतर कोर्टात जातो, तेही नको असेल तर नवे खत करून दे.’ कुळाजवळ पैसे नसत. कोर्ट तालुक्याला, वकिलाची फी परवडणारी नाही, आणि पेरणी तोंडावर आलेली. मग नव्या स्टॅम्पावर अंगठा उठायचा. या नव्या खतात जुने मुद्दल आणि तीन वर्षांचे व्याज एकत्र होऊन सारी रक्कम मुद्दल बनत असे.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, शंभर रुपये कर्ज, दरसाल दर शेकडा चोवीस व्याज. तीन वर्षांत व्याज बहात्तर. नवे खत एकशे बहात्तरचे. आणखी तीन वर्षांनी त्यावर एकशे तेवीस रुपये आणि वर काही आणे व्याज. नवे खत दोनशे शहाण्णवच्या आसपास. नवव्या वर्षाच्या अखेरीस रक्कम पाचशे आठ रुपयांच्या पुढे जाते. खत न बदलता नऊ वर्षे सरळ व्याज चालले असते तर मुद्दल-व्याज मिळून तीनशे सोळा रुपये झाले असते. जवळजवळ दोनशे रुपयांचा हा फरक व्याजाच्या दरामुळे पडलेला नाही. दर दोन्हीकडे तोच आहे. दर तीन वर्षांनी उठलेल्या अंगठ्याने तो पाडला.

ज्याला वाचता येत नव्हते त्याला आपण जुनेच खत ‘ताजे’ करतो आहोत एवढेच कळत होते. त्या कागदाने आपले व्याज मुद्दल होते आहे, हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. दावा लागलाच तर तो तालुक्याला पोहोचत नसे आणि निकाल एकतर्फी होई. ऋणकोला वाचवण्यासाठी केलेली मुदत अशा रीतीने त्याच्याच गळ्यातला फास झाली.

१८७५ ची होळी आणि जिल्ह्याची सीमा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. इतिहासात यांना ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. या दंग्यांचे एक वैशिष्ट्य पुढे नेमलेल्या सरकारी आयोगानेही नोंदवले. लोकांना सावकाराचे प्राण नको होते, त्यांना खते आणि हुकूमनामे हवे होते. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तिथे बहुधा मारहाण झाली नाही. कागदांची होळी झाली आणि लोक पांगले. ज्याला वाचता येत नाही त्याने कागद जाळावा, यात आम्हाला नवल वाटत नाही. त्या कागदाशी त्याचे दुसरे कोणते नातेच नव्हते.

आयोगाने चौकशी केली, आणि दंग्यांच्या कारणांमध्ये मुदतीच्या कायद्याचा स्पष्ट उल्लेख झाला. त्यातून १८७९ साली सतरावा कायदा आला. त्याला आपल्याकडे ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ या इंग्रजी नावानेच ओळखत. या कायद्याने एक उफराटी वाटणारी गोष्ट केली. ऋणकोला दिलासा म्हणून धनकोची मुदत वाढवली. शेतकऱ्यावरच्या साध्या खताच्या दाव्याला सहा वर्षे आणि नोंदणी झालेल्या खताला बारा वर्षे दिली. सावकाराला घाई नसली की तो दर तीन वर्षांनी नवे खत मागणार नाही, असा हा विचार होता. त्याच्या जोडीला न्यायाधीशाने खतामागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासूनचा हिशेब तपासावा, गावच्या निबंधकापुढे खते लिहावीत, शेतकऱ्याने दिलेल्या पैशाची पावती आणि वर्षाचा हिशेब त्याला मागता यावा, कर्जासाठी त्याला तुरुंगात टाकू नये, अशा तरतुदी होत्या. ऋणकोच्या हातीही कागद असावा हे कायद्याने मान्य केले, ही आम्हाला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

पण यातले मुख्य भाग लागू झाले ते पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. नाशिकचे नाव त्यात नव्हते. नाशिक जिल्हा १८६९ साली नगर आणि खानदेश यांचे भाग तोडून करण्यात आला होता. सिन्नर आणि येवला हे तालुके त्याआधी नगरचेच. दहा वर्षांपूर्वी ते नगरमध्येच राहिले असते तर १८७९ चे संरक्षण त्यांना आपोआप मिळाले असते. आता कोपरगावचा शेतकरी आणि त्याच्या शिवेला लागून असलेला येवल्याचा शेतकरी यांची पिके सारखी, पाऊस सारखाच बेभरवशाचा, सावकारही कदाचित एकच. तरी एकाच्या खताची मुदत सहा वर्षे आणि दुसऱ्याच्या खताची तीन. नकाशावरच्या एका रेघेने हा फरक केला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी या कायद्यातल्या काही तरतुदी इतर जिल्ह्यांतही नेण्यात आल्या. पण तोवर कितीतरी खते ‘ताजी’ होऊन गेली होती.

या संदर्भात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची आठवण येते. १८७८ साली त्यांची बदली नाशिकला न्यायाधीश म्हणून झाली होती. पुढे याच १८७९ च्या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्याचे काम त्यांनी बरीच वर्षे केले. शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न ज्यांनी कोर्टातल्या खुर्चीवरून पाहिला आणि त्यावर अर्थशास्त्र म्हणूनही विचार केला, अशा मोजक्या माणसांत त्यांची गणना करावी लागेल. दुसऱ्या बाजूने जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून तेच दुःख शेतकऱ्याच्या बांधावरून मांडले.

कायदा झाला तरी सावकारी थांबली नाही. तिने वाट बदलली. गहाणखताचा हिशेब न्यायाधीश उकरून काढतो असे दिसल्यावर काही सावकारांनी गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. तोंडी बोली गहाणाची आणि कागद मात्र विक्रीचा. पुन्हा तीच गोष्ट. कागदात काय लिहिले आहे, हे ज्याला वाचता येते त्याचा तो कागद.

दामदुपट आणि आपण

आता खास आपल्या समाजाशी संबंधित असलेली एक बाब. हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे. कोणत्याही एका वेळी व्याजाची बाकी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, म्हणजे शंभराचे फार तर दोनशे. इंग्रजी न्यायालयांनी मुंबई इलाख्यात हा नियम चालू ठेवला. मात्र तो हिंदू कायद्याचा भाग म्हणून ठेवला. त्यामुळे ऋणको हिंदू असेल तरच तो लागू होई. मूळ ऋणको मुसलमान असेल तर दामदुपटीचा फायदा त्याला मिळत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरले.

याचा अर्थ वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. ज्याच्या धर्मात व्याज हराम आहे, त्याच्यावर चढणाऱ्या व्याजाला कमाल मर्यादाच नव्हती. शरियत व्याज मुळातच मान्य करत नाही म्हणून तिने व्याजाचा दुप्पट-तिप्पट असा हिशेब सांगितला नाही. आणि इंग्रजांच्या न्यायालयाने व्याज मान्य केले, पण त्यावरचा लगाम मुसलमानाला दिला नाही. दोन्हीकडच्या मधल्या खिंडीत आपला शेतकरी आणि विणकर सापडला. १८७९ च्या कायद्याचे मोल इथे कळते. त्याने ऋणकोचा धर्म विचारला नाही, तो शेतकरी आहे का एवढेच विचारले. परंतु विणकर शेतकरी नव्हता, आणि नाशिक त्या चार जिल्ह्यांत नव्हते.

मालेगावचे विणकर हे याचे डोळ्यांपुढचे उदाहरण. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून, बनारस-आझमगड-मऊ या बाजूने, मोमीन विणकर येऊन मोसम नदीकाठी स्थिरावले. हातमागाच्या धंद्यात सूत उधार मिळायचे आणि विणलेले लुगडे त्याच व्यापाऱ्याला द्यायचे. हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत. विणकराजवळ वही नाही, पावती नाही. जमा किती आणि नावे किती, हे व्यापारी वाचून दाखवील तेवढेच खरे. खरे तर नुसत्या वहीतल्या नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही, त्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो, असे १८७२ चा पुरावा कायदा सांगत होता; आणि २०२३ चा भारतीय साक्ष अधिनियमही तेच सांगतो. पण हे ठाऊक असायला हवे ना! वर्षाअखेर वहीखाली विणकराची सही किंवा अंगठा घेतला की नोंदीला आधारही मिळत असे आणि मुदतही नव्याने सुरू होत असे.

इथे प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. व्याजाने पैसे देणारे सगळे परकेच होते असे नाही. गावोगाव फिरणारे पठाण आणि रोहिले व्याजाने पैसे देत आणि त्यांच्या वसुलीची धास्ती मुंबईच्या गिरणगावापासून आपल्याकडच्या बाजारपेठांपर्यंत होती. त्यांना मुदतीच्या कायद्याची फिकीर नव्हती, कारण ते कोर्टात जातच नसत. काठीला मुदत नसते. आजच्या बेकायदा सावकारालाही नसते.

दामदुपटीतला हा धर्माचा भेद मिटला तो १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने. थकलेल्या व्याजापोटी मुद्दलापेक्षा जास्त रक्कम न्यायालयाने देववू नये, असा नियम त्यात आला, आणि तो ऋणको कोणत्याही धर्माचा असो, सर्वांना सारखा लागू झाला. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानेही तोच दंडक ठेवला आणि चक्रवाढ व्याजाला मनाई केली. सावकारीत बळकावलेली स्थावर मिळकत पंधरा वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा निबंधक चौकशी करून ती परत देववू शकतो, अशीही सोय त्यात आहे. म्हणजे इथे पंधरा वर्षांची लांब मुदत ऋणकोच्या बाजूने उभी आहे. आपल्या समाजातल्या किती जणांना हे माहीत आहे?

दार बंद होते, हक्क मरत नाही

आता या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज. मुदत संपली की कर्ज माफ झाले, असे लोक धरून चालतात. तसे नाही. मुदत संपल्याने न्यायालयाचे दार बंद होते. कर्ज कर्जच राहते. १८७२ च्या करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी वचन ऋणकोने सही करून दिले, तर तो नवा, बंधनकारक करार ठरतो. मुंबईच्या एका कापडगिरणीतल्या कामगारांनी न उचललेल्या पगाराच्या रकमांचा वाद पन्नासच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तिथेही न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले. मुदतीने उपाय जातो, देणे नष्ट होत नाही. या प्रकरणात धनको कामगार होते आणि ऋणको कंपनी होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मुदत प्रत्येक वेळी गरिबाच्याच बाजूने काम करते असे नाही. (जमिनीच्या ताब्याची गोष्ट मात्र वेगळी. तिथे बारा वर्षे दावा न लावल्यास मालकीहक्कच संपू शकतो.)

कर्जच नष्ट व्हावे असे सरकारला वाटले तेव्हा त्याने तसा वेगळा कायदा केला. मुंबई प्रांतात १९३९ साली आणि पुन्हा १९४७ साली शेतकरी कर्जनिवारण कायदे झाले. १९४७ च्या कायद्याने ठरलेल्या तारखेपर्यंत जी कर्जे अर्ज करून पुढे आणली गेली नाहीत ती नष्ट झाली असे जाहीर केले, आणि १८७९ चा कायदाही इतिहासजमा झाला. ‘दावा लागणार नाही’ आणि ‘कर्ज उरले नाही’ या दोन वाक्यांमधला फरक या दोन प्रकारच्या कायद्यांवरून स्पष्ट होतो.

इस्लामी कायद्याचा विचारही या ठिकाणी आश्चर्य वाटावे इतका जुळतो. दख्खनमध्ये खते जळत होती त्याच सुमारास, १८६९ ते १८७६ या काळात, उस्मानी सल्तनतीने हनफी फिकहवर आधारलेली ‘मजल्ला’ ही संहिता तयार केली. तीत कर्जाचा दावा पंधरा वर्षांनंतर काझीने ऐकू नये असे आहे. पण काळ लोटल्याने हक्क नाहीसा होत नाही, आणि प्रतिवादीने न्यायालयात येऊन देणे कबूल केले तर काझीने निकाल द्यावा, असेही तीत सांगितले आहे. काझीने ऐकायचे थांबावे, कारण त्याला गैबाचे ज्ञान नाही. पण देणेकऱ्याला तर आपण काय घेतले ते ठाऊक असते!

मय्यतीच्या नमाजापूर्वी मरणाऱ्यावर कर्ज आहे का, असे पैगंबरसाहेब विचारीत. एकदा कर्ज होते आणि फेडायला मागे काही नव्हते, तेव्हा एका सहाबीने ते आपल्या अंगावर घेतल्यानंतरच त्यांनी नमाज पढवली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. अडचणीत असलेल्या ऋणकोला सवड द्यावी आणि जमल्यास सोडून द्यावे, अशी कुराणाची शिकवण आहे. त्याच सूरह बकरामधली २८२ वी आयत कुराणातली सर्वांत लांब आयत आहे. ती नमाजाविषयी नाही, रोजाविषयी नाही. ती मुदतीचे कर्ज लिहून ठेवावे याविषयी आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवावेत. विचार करा, मजकूर सांगण्याचा अधिकार तिथे ऋणकोला दिला आहे. आपल्याकडे शेकडो वर्षे सावकार सांगत गेला आणि ऋणको अंगठा देत गेला.

घरातले जुने देणे

हे सारे सावकार-कुळाविषयी झाले. पण सर्वांत जुने आणि सर्वांत जास्त थकलेले कर्ज आपल्या घरातच असते. ते म्हणजे मेहर.

मेहर ही बक्षिसी नव्हे, ते नवऱ्याच्या अंगावरचे देणे आहे. नवरा वारला तर वारसांत वाटणी होण्यापूर्वी इतर कर्जांबरोबर ते त्याच्या मालमत्तेतून फेडले गेले पाहिजे. हे शरियतही सांगते आणि आपली न्यायालयेही मानतात. त्यालाही मुदत आहे. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यात मेहरसाठी स्वतंत्र कलमे होती. १९६३ च्या कायद्यात ती राहिली नाहीत; सर्वसाधारण कलमाप्रमाणे तीन वर्षे धरली जातात. मागता क्षणी द्यायचा मेहर मागितला आणि नाकारला, तर त्या दिवसापासून. मागितलाच नसेल किंवा मुदतीचा मेहर असेल, तर नवऱ्याच्या मृत्यूपासून अथवा तलाकपासून.

आता आपल्या घरांत काय होते ते पाहा. निकाहाच्या दिवशी मेहरची रक्कम मोठ्याने वाचली जाते आणि पुढे चाळीस वर्षे तिचा उल्लेख होत नाही. नवऱ्याकडे मेहर मागणे म्हणजे संसार मोडायला निघणे, अशी समजूत. मग एके दिवशी मय्यत घरात असते, बायका रडत असतात, आणि कोणीतरी वडीलधारी बाई त्या बेवेच्या कानाशी लागते, ‘मेहर माफ किया, बोल दे.’ ती हुंदक्यात मान हलवते. हे आम्ही एका घरात पाहिलेले नाही, अनेक घरांत पाहिले आहे. ज्या क्षणी माणसाला स्वतःचे भान नसते, त्या क्षणी घेतलेली माफी ही खरी माफी आहे का? सावकाराने पेरणीच्या तोंडावर घेतलेला अंगठा आणि ही मान यांत फरक किती?

आणि जिने मान हलवली नाही, ती इद्दत पाळते, मुलांचे पाहते, दिरांच्या आधाराने राहते. तीन वर्षे कधी निघून जातात ते तिला कळत नाही. मुदत संपली हे तिला त्या दिवशी कळते, ज्या दिवशी वाटणीचा वाद होतो आणि ती प्रथमच वकिलाकडे जाते. तिच्याकडे निकाहनाम्याची प्रतही नसते. ती कुणाकडे तरी ‘सांभाळून ठेवलेली’ असते.

दर तीन वर्षांनी आठवण करून देणारा सावकार कुळाला होता. मेहरच्या बाबतीत तीन वर्षांची आठवण करून देणारे कोणीच नाही. दोन्ही ठिकाणी नुकसान त्याचेच झाले, ज्याच्या हाती कागद नव्हता.

आज काय करावे

आज सावकाराची जागा पुष्कळशी बँका, पतसंस्था, फायनान्स कंपन्या आणि बचतगटांना कर्ज देणाऱ्या संस्थांनी घेतली आहे. नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या थकीत कर्जांसाठी निघालेल्या जमिनींच्या लिलावांविरुद्ध २०२३ साली शेतकऱ्यांनी आंदोलने केली, ती अजून ताजी आहेत. सहकारी संस्थेचे कर्ज घेणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या ९२ व्या कलमाप्रमाणे सभासदाकडून येणे असलेल्या रकमेच्या वादाची मुदत सभासद मरण पावला किंवा त्याचे सभासदत्व संपले त्या दिवसापासून मोजतात. तोवर ‘तीन वर्षे झाली, आता काही होत नाही’ असे म्हणून गप्प बसणे धोक्याचे आहे.

म्हणून आमच्या वाचकांना चार साध्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, देणे-घेणे भावाभावांत असले तरी तारखेसह लिहावे आणि दोघांकडे एकेक प्रत असावी. दुसरी, मुदत संपण्याआधी सही करून दिलेली कबुली किंवा लेखी नोंद असलेला हप्ता यांनी मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. म्हणून वसुलीच्या माणसाने पुढे केलेला कोणताही कागद वाचल्याशिवाय सही करू नये. त्यात जुने व्याज मुद्दलात मिळवले आहे का, हे विचारावे. तिसरी, अज्ञान मुलांचे कुणाकडे येणे असेल तर मूल सज्ञान होईपर्यंत मुदत त्याच्याविरुद्ध धावत नाही, आणि सज्ञान झाल्यावरही त्याला तीन वर्षांपर्यंत अवधी मिळतो. अनाथांचे येणे बुडाले असे समजून कोणी सोडून देऊ नये. चौथी, निकाहनाम्याची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या हाती असावी आणि मेहर नवऱ्याने जिवंतपणी, धडधाकट असताना फेडून टाकावा. फेडल्याची पावती घेण्यात कमीपणा नाही.

आणि ज्याच्यावर देणे आहे त्याने वकिलाला मुदतीविषयी जरूर विचारावे. खोटा किंवा फुगवलेला दावा असेल तर मुदतीचा आधार घेण्यात काही गैर नाही, कायदा त्याचसाठी आहे. पण घेतलेले खरे असेल आणि समोरचा माणूस आपल्यासारखाच गरीब असेल, एखादा कारागीर, एखादा शेजारी, घरातली बेवा, तर तीन वर्षे झाली म्हणून आपण सुटलो असे समजू नये. जनाजा उचलण्यापूर्वी मरणाऱ्याच्या वतीने ‘कुणाचे देणे असेल तर सांगा’ असे जमलेल्यांना विचारण्याची रीत आपल्यात अजून आहे. त्या वेळी कुणी हात वर केला तर त्याच्या कागदावरची तारीख कोणी पाहत नाही. हीच रीत आपण हयातीत, घरात बसून, वही समोर ठेवून पाळावी, एवढेच आमचे मागणे आहे.